व्हय म्हाराजा

2025 च्या मे महिन्यातली गोष्ट. सात तारखेची रात्र होती का आठची, ते आता नक्की सांगता येणार नाही, पण आडीतले आंबे काढायला सुरुवात झाली होती आणि घरभर तो गोड, किंचित आंबूस वास भरून राहिलेला होता एवढं पक्कं आठवतंय. टीव्हीवर सायरन, नकाशे, लाल बाण. ब्लॅकआउटच्या सरावाच्या बातम्या दिवसभर चालू होत्या त्यामुळे वाडीत बऱ्याच जणांनी बाहेरचे दिवे आपणहूनच बंद ठेवलेले. मी खळ्यात खुर्ची टाकून अंधारात आंबा चोखत बसलो होतो आणि मांडीवर फोन थरथरला. आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी पोल टाकला होता. 'आता आरपार युद्ध व्हायलाच पाहिजे का?' खाली दोन पर्याय, हो आणि नाही. तोपर्यंत 37 जणांनी हो दाबलेलं, नाहीवर शून्य. पहलगामचे ते फोटो दोन आठवडे डोळ्यासमोरून हलत नव्हते, राग होताच, खराखुरा राग, आणि मी डाव्या अंगठ्याने हो दाबलं. काचेवर रसाचा पिवळा डाग पडला तो लुंगीला पुसला. एक सेकंद लागला असेल.

मग सहज नावांची यादी उघडली. मुंबईत नोकरीला असलेले, दुबईत असलेले, ग्रामपंचायतीतले, दहावीची परीक्षा देऊन बसलेली दोन पोरं, माझी वहिनी, सगळे होते. नव्हती फक्त शेजारची काकी. तिचा मुलगा पूंछकडे पोस्टिंगला. सकाळी सहाला देवाचा फोटो आणि रात्री दहाला शुभ रात्री न चुकता टाकणारी बाई, ग्रुपवरचं काही तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्या रात्री तिचं काहीच नाही. गडग्यापलीकडे तिच्या पडवीत अंधार होता पण मधेच फोनचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडायचा आणि विझायचा. परत पडायचा.

अकराच्या सुमाराला मी पोल उघडला आणि माझं हो काढून टाकलं.

कोणाला कळलं नसणार असं वाटलं. 58 झाले होते त्याचे 57 झाले, एवढंच. दहा तारखेला संध्याकाळी युद्धविराम झाला, ग्रुपवर परत लग्नाच्या पत्रिका आणि वीज कधी येणार ह्याच्या चौकश्या सुरू झाल्या. पण मला तो एक सेकंद काही सोडेना. कोणाच्या तरी मुलाने बंदूक घेऊन कुठे उभं राहायचं हे ठरवायला एवढा कमी वेळ पुरतो? आणि मी ठरवून तरी काय झालं, दिल्लीत जे ठरायचं ते आमच्या पोलच्या आधीच ठरलेलं होतं. मग युद्ध नक्की ठरवतं कोण? राजा असला तर राजा, हुकूमशहा असला तर तो, आणि लोकशाही असली तर आपण, असं शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून डोक्यात बसलेलं. ते किती खरं आहे ह्याचा विचार मी वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा करत होतो.

आमचं गाव तेरेखोल नदीच्या काठावर. आज आरोंद्याहून किरणपाणीला पूल आहे, स्कूटरवरून दोन मिनिटांत तुम्ही गोव्यात. माझ्या आजीचं माहेर पलीकडे, पेडणे महालात. तिचं लग्न झालं तेव्हा तरीत बसून ती इकडे आली आणि नंतर 1955 च्या सुमाराला सरहद्द आवळली गेली, परमिटाशिवाय जाणं बंद. तिचे वडील वारले तेव्हा पलीकडच्या काठावर कोणीतरी येऊन हाक मारून सांगितलं. ती ह्या काठावर, गुडघाभर पाण्यात, आणि मधे नदी, आपल्या हाकेच्या अंतराची नदी. आजी हे सांगताना कधी रडायची नाही पण हाताने लुगड्याचा ओचा धरल्यासारखं करायची, जसा त्या दिवशी पाण्यात धरला असेल तसा. अजून मला तो हात दिसतो.

मग 1961 चा डिसेंबर. बांदा-सावंतवाडी रस्त्यावर मिलिटरीच्या गाड्यांचा धुरळा, दोडामार्गाच्या बाजूने 50 पॅरा ब्रिगेड आत शिरली, आणि 18 तारखेला पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले. आजी म्हणायची, "उजाडूच्या आधी धुडूम धुडूम आवाज इलो, माका वाटला खंय तरी ढगच फुटलो." दीड दिवसात सगळं आटोपलं. 19 तारखेला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती दिली. त्यानंतर काही दिवसांनी आजी माहेरी गेली, पायलीभर उकडे तांदूळ आणि सुक्या बांगड्यांची चळत घेऊन, आणि घरी पोचल्यावर आधी वडील जिथे बसायचे त्या जागी जाऊन बसली.

त्या दीड दिवसाबद्दल मोठेपणी वाचलं तेव्हा एका गोष्टीने मी हललो. लिस्बनमध्ये सालाझार. 1932 पासून पंतप्रधान, संसद नावाला, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. गोवा त्याने आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्या माणसाने 14 डिसेंबरला पणजीला तार केली की तह होणार नाही, पोर्तुगीज युद्धकैदी होणार नाहीत, एकही जहाज शरण जाणार नाही, सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. तीन हजारांच्या वर माणसं होती ती, जुन्या बंदुका, विमानं नाहीत, समोर कितीतरी पट मोठं सैन्य. त्यांनी मरायचं, कारण ते मेले की सालाझारला जगाला दाखवता येणार होतं. त्या सगळ्या देशात त्याला 'साहेब, थांबा' म्हणेल असा कोणी नव्हता, म्हणायला जागाच ठेवली नव्हती. म्हणून मग ते ज्याने केलं तो सैन्यातलाच माणूस, गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा. त्याने हुकूम मोडला आणि आपली माणसं जिवंत ठेवली. त्याबद्दल त्याला सैन्यातून बडतर्फ केलं गेलं आणि ती राजवट 1974 ला कोसळल्यावरच त्याचं नाव परत लागलं. मला नेहमी वाटतं की आमच्या नदीपलीकडची कितीतरी घरं, देवळं, इगर्जी आज उभ्या आहेत त्यात त्या एका माणसाच्या नकाराचा हात आहे. पण देश चालवायची ही कसली पद्धत, की शहाणपणा करायला कोणालातरी बेइमान ठरावं लागतं?

आता आपल्या बाजूचं पण प्रामाणिकपणे बोलायला हवं. नेहरूंनी चौदा वर्षं वाट पाहिली. 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रही निःशस्त्र आत गेले, पत्रादेवीला गोळ्या घातल्या गेल्या, पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडला, तरी सैन्य पाठवलं नाही. लोक चिडलेले होते, आमच्याकडचे तर फारच. मग 1961 च्या नोव्हेंबरात अंजदीवहून साबरमती बोटीवर गोळीबार झाला आणि महिन्याभरात सैन्य आत. तो निर्णय मंत्रिमंडळातला, संसदेत मतदान वगैरे काही झालेलं नाही. आणि दोन महिन्यांवर सार्वत्रिक निवडणूक होती, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते, समोर आचार्य कृपलानी. ह्या दोन गोष्टींचा काही संबंध होता का ह्यावर तेव्हाही बोललं गेलं. आजीला हे मी कधी सांगितलं नाही. तिला वडिलांच्या जागेवर बसायला मिळालं ते त्या सैन्यामुळे आणि मी अजूनही मनापासून मानतो की ते योग्यच झालं. पण योग्य झालं म्हणून ते कसं ठरलं हे विचारायचंच नाही, हे काही मला पटत नाही.

निदान तेव्हा आपलं आपण तरी ठरवलं. त्याआधीची गोष्ट वेगळीच. माझ्या आजोबांचे एक चुलते मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात गेले. घरात त्यांची आठवण म्हणजे एक वाक्य, 'बसऱ्याक गेलो तो येवक नाय'. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, 103, 110 आणि 117. जवळजवळ पाच महिने वेढा, खायला काही नाही, शेवटी घोडे कापायची वेळ आली आणि आपल्याकडचे कितीतरी शिपाई ते मांस खाईनात. 29 एप्रिल 1916 ला तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती लागली, त्यातली हजारो कैदेत मेली. चुलते नक्की कुतमध्येच होते का हे घरात कोणाला ठाऊक नाही. पण हे युद्ध करायचं असं कोकणातल्या कोणत्या माणसाने ठरवलं होतं? दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापलीकडे गेले आणि त्यांच्या नावाने हात वर करणारा एकही माणूस कुठल्या सभागृहात नव्हता. तेवीस वर्षांनी तेच परत. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोने जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. इथल्या निवडून आलेल्या कोणालाही विचारलं नाही. मुंबई इलाख्याचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्याला तेव्हा तसं म्हणत) होते बाळासाहेब खेर, जन्माने आपल्या रत्नागिरीचे, त्यांच्यासकट काँग्रेसच्या सगळ्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. युद्ध त्याने थांबलं नाही. पण 'आम्हाला विचारलेलं नाही' हे कागदावर तरी आलं.

म्हणजे विचारलं पाहिजे. हे तर सरळ आहे, 1795 मध्येच कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने ते लिहून ठेवलंय. लढायचं ज्यांना, कर भरायचा ज्यांना, नंतर उद्ध्वस्त झालेलं सावरायचं ज्यांना, त्यांची संमती लागत असेल तर ते दहादा विचार करतील. राजाला काय, त्याच्या मेजवान्या, शिकारी, महाल ह्यातलं काहीच कमी होत नाही. वाचताना वाटतं किती खरं. आणि मग मला माझा पिवळा अंगठा आठवतो. मला विचारलं होतं की. मी कुठे दहादा विचार केला. कारण जाणारा मी नव्हतो, कांटने धरलेला तो लढणारा, भरणारा, सावरणारा माणूस आमच्या ग्रुपवर एकच होता आणि तो गप्प होता.

इथे मला आमचे कॉलेजातले इतिहासाचे सर आठवतात. जुलै महिना, खिडकीच्या गजातून पावसाचे तुषार आत येतायत, पुढच्या बाकावरच्या वह्या ओल्या, आणि सरांनी पुस्तक मिटून दोन बोटींची गोष्ट सांगितली. थ्युसिडिडीजने लिहून ठेवलेली, इसवी सनापूर्वी 427 ची. अथेन्स म्हणजे लोकशाही, नागरिक स्वतः सभेत येऊन हात वर करणार. लेस्बोस बेटावरच्या मितिलिनी नावाच्या शहराने त्यांच्याविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि अथेन्सच्या सभेत प्रचंड राग. क्लिऑन नावाचा पुढारी बोलला आणि ठराव झाला, त्या शहरातले सगळे मोठे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम म्हणून विका. त्याच दिवशी हुकूम घेऊन गलबत निघालं. रात्र गेली. सकाळी लोकांना कसंतरी व्हायला लागलं, आपण काल हे काय ठरवलं. परत सभा भरवली. डायोडोटस नावाचा माणूस उठला, त्याने दयामायेची भाषा केलीच नाही, एवढंच म्हणाला की ह्यात आपला फायदा नाही. हात मोजले, जवळजवळ सारखेच, पण नको म्हणणारे थोडे जास्त. लगेच दुसरं गलबत सोडलं. पहिलं एक दिवस आणि एक रात्र पुढे.

सर आमच्याच किनाऱ्यावरचे, त्यांना वल्हं म्हणजे काय ते हाताने माहीत होतं. असल्या गलबतावर 170 वल्हेकरी, त्यांना जवाचं पीठ दारूत आणि तेलात कालवून दिलेलं, ते वल्हं न सोडता तिथेच खायचं, पाळीपाळीने झोपायचं. जाताना वारा आडवा आला नाही हे नशीब. सर बाकाच्या कडेला दोन्ही हात धरून पाठ मागे झोकून दाखवत होते, एक झोल, दोन झोल, आणि वर्गात कोणी हलत नव्हतं. मग म्हणाले, आणि पहिलं गलबत काय करत होतं माहितेय? सावकाश चाललं होतं. त्या माणसांना असल्या कामाला जायची घाई नव्हती. दुसरं गलबत पोचलं तेव्हा तिथल्या सेनापतीने पहिला हुकूम वाचला होता आणि तो आता अंमल करणार. शहर वाचलं. बंडाचे पुढारी म्हणून हजाराच्या वर माणसं मात्र मारलीच, हे सरांनी लपवलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही बसून होतो.

मी नंतर कितीदा त्या पहिल्या गलबतावरच्या माणसांचा विचार केलाय. कोणी त्यांना हळू वल्हवा म्हटलेलं नाही. ठराव त्यांनीही केला असेल, हात वर करणाऱ्यांत त्यातले काहीजण असतीलही. पण प्रत्यक्ष वल्हं मारताना हात जड होतो. लोकशाहीतली माणसं काही निसर्गतःच शांत असतात असं मला वाटत नाही, अथेन्सच्याच लोकांनी अकरा वर्षांनी मेलोस बेटावरचे पुरुष मारून टाकले आणि तेव्हा दुसरं गलबत सुटलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी उत्साहाने सभेत हात वर करून सिसिलीवर आरमार पाठवलं ते अख्खं बुडालं. राग सगळ्यांना येतो, राजाला येतो तसा सभेलाही. लोकशाहीत एक दुसरी सकाळ असते, एवढाच फरक. काल चुकलं असं म्हणून परत जमता येतं आणि त्यासाठी कोणाला बेइमान व्हावं लागत नाही. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये ती सकाळ नव्हती.

आणि हुकूमशहालाही गर्दी लागतेच, हेही खरं. 30 मार्च 1982 ला अर्जेंटिनाच्या राजधानीत लष्करी राजवटीविरुद्ध मोर्चा निघाला, पोलिसांनी तो झोडपून काढला. 2 एप्रिलला सैन्य ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरलं आणि तिथल्याच प्लाझा दे मायो चौकात लोक जयजयकार करायला जमले. मधे तीन दिवस. त्या राजवटीचा प्रमुख जनरल गाल्तिएरी, त्याला काय हवं होतं ते मिळालं, थोडे दिवस. 74 दिवसांनी अर्जेंटिनाचे 649 आणि ब्रिटनचे 255 सैनिक गेलेले होते. त्या चौकातल्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. त्या आवाजाची चव मला माहीत आहे.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल. देवळाच्या चौकात गाव जमलेला, नारळ पुढे, धुपाचा वास, गावकार म्हणत जातो, बा देवा म्हाराजा, आज जी काय सेवा केलेली आसा ती मान्य करून घे, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका सुरात, व्हय म्हाराजा! लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून ओरडायचो. वाक्याचा अर्थ कळायचा नाही, पण शेकडो माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की छाती भरून यायची, अजून येते. त्या हो म्हणण्यात एकट्याचं असं काही उरत नाही आणि देवासमोर ते बरोबरच आहे. पण त्याच देवळात काही महत्त्वाचं ठरवायचं असलं, मानाचा वाद असला, तर नुसतं व्हय म्हाराजा पुरत नाही. कौल लावतात. पाषाणाला ओले कळे चिकटवतात आणि वाट बघतात. उजवा पडतो का डावा. कधी तासभर पडतच नाही. माणसं खांबाला टेकून बसतात, तंबाखू मळतात, आरडाओरडा करणाऱ्याचा आवाज हळूहळू खाली येतो. एका वर्षी शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात ह्यावरून दोन वाड्यांत काठ्या निघायच्या बेतात होत्या आणि रात्री दोनपर्यंत कळा सुटला नाही. सुटला तेव्हा भांडायला उभी राहिलेली निम्मी माणसं झोपलेली होती. त्यात देव किती आणि ओल्या पाकळीचं वजन किती, ते ज्याने त्याने ठरवावं. तो वेळ मात्र खरा होता.

देशांनी असा वेळ कायद्यात बसवायचा प्रयत्न केलाय. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध पुकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला आहे. पण त्यांनी रीतसर पुकारलेलं शेवटचं युद्ध 1942 चं. कोरिया, व्हिएतनाम, सगळं त्याशिवायच. ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या घटनेवरून अध्यक्षाला लढायची मुभा देणारा ठराव आला, कनिष्ठ सभागृहात 416 विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. ते शून्य वाचून मला आमच्या पोलवरचं शून्य दिसलं. नंतर 1973 मध्ये कायदा केला, अध्यक्षाने 48 तासांत कळवायचं आणि मंजुरीशिवाय 60 दिवसांवर सैन्य ठेवायचं नाही. त्यातूनही वाटा काढल्या जातातच. ब्रिटनमध्ये तर हा अधिकार राजाच्या नावाने पंतप्रधानाकडे, तरी ऑगस्ट 2013 मध्ये सीरियावर हल्ला करायचा प्रस्ताव संसदेत 285 विरुद्ध 272 ने पडला आणि पंतप्रधानाने तो मानला. जर्मनीत संसदेच्या मंजुरीशिवाय सैन्य बाहेर लढायला जाऊच शकत नाही, त्यांच्या घटनापीठाने 1994 मध्ये तसं ठरवलंय. ज्यांनी एकदा सगळं एका माणसाच्या हातात देऊन पाहिलं त्यांचा हा कायदा आहे.

ह्या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसली ती जेनेट रँकिन. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई. 1917 मध्ये तिने युद्धाविरुद्ध मत दिलं, तेव्हा तिच्याबरोबर आणखी 49 जण होते. 8 डिसेंबर 1941 ला, जपानच्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 388 विरुद्ध 1. ती एक. बाहेर पडल्यावर जमाव अंगावर आला आणि ती फोन बूथमध्ये शिरून दार लावून बसली, पोलीस येईपर्यंत. त्या दिवशी तिचं मत बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, हल्ला झालेला होता, समोर हिटलरचा दोस्त होता. पण तिथे नाव पुकारतात आणि ज्याने त्याने उठून उत्तर द्यायचं असतं. 388 जणांचं हो पण नावानिशी लिहिलेलं आहे, आणि व्हिएतनामच्या वेळच्या त्या 416 जणांचं पण. पन्नास हजारांहून जास्त शवपेट्या घरी आल्या तेव्हा त्या नावांकडे लोकांना बोट दाखवता आलं.

आपल्याकडे ते नाही. आपल्या घटनेत 'युद्ध आणि शांतता' हा विषय केंद्राच्या यादीत आहे, सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, प्रत्यक्षात ठरवतं मंत्रिमंडळ, आणि संसदेचं मत आधी घेतलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. ह्यात सोयही आहे. 3 डिसेंबर 1971 ला संध्याकाळी आपल्या विमानतळांवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा मतदानाची वाट कोण बघणार? पण 1962 आठवावं. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आपण मागे मागे सरकत होतो, आणि तशातही वाजपेयींनी मागणी केली की संसद लवकर बोलवा, नेहरूंनी 8 नोव्हेंबरला बोलावली. आघाडी कोसळत असताना पंतप्रधान सभागृहात बसून आपल्यावरची टीका ऐकत होते. मेनन यांचं संरक्षण खातं तर आधीच गेलं होतं, आदल्या दिवशी त्यांना मंत्रिमंडळातूनच जावं लागलं. माझे आजोबा राजापूर मतदारसंघाचे मतदार, खासदार नाथ पै, त्यांची सभा असली की आजोबा कंदील घेऊन दोन तास चालत जायचे. ते म्हणायचे, आमचो माणूस दिल्लीत इचारता. ह्या 'विचारतो' ह्या शब्दावर त्यांचा जो विश्वास होता तो माझ्याकडे कुठून कमी झाला कोण जाणे. अर्थात त्याच युद्धासाठी लावलेली आणीबाणी, युद्ध महिन्याभरात संपलं तरी, 1968 च्या जानेवारीपर्यंत उठली नाही. राज्यपद्धती युद्ध ठरवते तसं युद्धही राज्यपद्धतीला हळूच वाकवतं, आणि ते वाकलेलं सरळ व्हायला वर्षं लागतात.

काकीच्या मुलाशी ह्यातलं मी काही बोललेलो नाही. गणपतीला तो आला होता, दहा दिवसांची रजा. त्याला काय विचारायचं? मी भजनाला त्याच्या शेजारी बसलो होतो, तो टाळ वाजवत होता, मधेच फटाक्याचा आवाज झाला तेव्हा त्याचा टाळ एकदा चुकला आणि पुढच्या मात्रेला परत जाग्यावर आला. माझ्याशिवाय कोणी बघितलं नसेल. काकीने बघितलं असेल.

दिवाळीनंतर एक दिवस काकी फोन घेऊन गडग्यापाशी आली. मुलाने पाठवलेले व्हिडिओ उघडत नव्हते, मेमरी भरलेली. पडवीत बसून मी एकेक काढायला लागलो. चुलीवर भाताची पेज उकळत होती, कोंबडी पायात घुटमळत होती. शुभ सकाळचे फोटोच हजारभर निघाले. ग्रुपमधलं मागचं सगळंच एकदम साफ करून टाकूया म्हणून वर वर गेलो तर मे महिना आला आणि तो पोल समोर. हो, 57. नाही, शून्य. मी पटकन सगळं निवडायला गेलो.

"ता काढू नको," काकी म्हणाली.

"कित्याक गे काकी? जुना झाला ता."

"ऱ्हवांदे. तेच्यात नावां आसत."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यापासून लांब धरला आणि ती यादी बोटाने खाली सरकवली, सवयीचं बोट होतं ते. राग नव्हता तिच्या बोलण्यात. वाण्याच्या वहीतला हिशोब वाचावा तसं म्हणाली, "त्या रात्री मी बगीत होतंय. एकेकाचा नाव वाढत होता." मग फोन परत माझ्याकडे देताना म्हणाली, "तुझा पण होता. मागीर दिसाक नाय."

मी मान खाली घालून फोटो काढत राहिलो. पोल तसाच ठेवला. थोड्या वेळाने जागा झाली आणि मुलाचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, बर्फात चारपाच पोरं व्हॉलीबॉल खेळतायत, आणि कोणीतरी मागून मालवणीत ओरडतंय.